वाचकांचे प्रश्न : थारला स्नॉर्केल लावावे का?

प्रश्न : माझ्याकडे २०२१ सालची डिझेल थार आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा आमच्या गल्लीतल्या दोन गाड्यांची इंजिने पाण्यात गेली आणि ती भीती मनातून अजून गेलेली नाही. यंदा पावसाळा सरताना मित्रांसह आलापल्ली, भामरागड आणि तिथून बस्तरकडे जाण्याचा बेत आहे. एका गॅरेजवाल्याचे म्हणणे असे की, स्नॉर्केल लावले की बॉनेटपर्यंत पाणी आले तरी काळजी नाही. हे खरे मानावे का? — एक वाचक, अंबाझरी लेआउट, नागपूर

उत्तर : स्नॉर्केल म्हणजे इंजिनची हवा छताच्या उंचीवरून घेणारी नळी. तिच्यामुळे इंजिनचे नाक उंच होते, एवढेच खरे माना. गाडीचा बाकीचा देह जिथे होता तिथेच राहतो.

आधी नाकाचे पाहू. मूळ रचनेत इंजिन हवा घेते ती बॉनेटखालून किंवा फेंडरच्या, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या, आतून. बॉनेट उघडून एअर फिल्टरच्या डब्यापासून पाइपमागे बोट फिरवत गेलात की आपल्या गाडीचे हे तोंड नेमके किती उंचीवर आहे ते तुम्हालाच दिसेल. त्या तोंडातून पाणी शिरले की काय होते, ते थोड्या हिशेबाने कळते. तुमचे इंजिन २,१८४ घनसेंटिमीटरचे आणि चार सिलिंडरचे आहे, म्हणजे एका सिलिंडरच्या वाट्याला ५४६ घनसेंटिमीटर येतात. दाबाचे प्रमाण, म्हणजे सिलिंडरमधली हवा किती पट आकसते ते, साधारण १६ धरले, तर पिस्टन पूर्ण वर आल्यावर त्याच्या डोक्यावर उरणारी जागा जेमतेम ३६ घनसेंटिमीटरची असते. चहाचे सात चमचे पाणी त्यात मावते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. त्यामुळे याहून थोडे जास्त पाणी आत गेले की वर येणारा पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तुमच्या गल्लीतल्या गाड्यांचे असेच झाले असण्याची शक्यता मोठी आहे, आणि बंद पडलेल्या गाडीला ‘एकदा सेल्फ मारून पाहू’ म्हणून कोणी पुन्हा किल्ली फिरवली असेल तर उरलेसुरले नुकसान तिथे झाले असेल. पाण्यात बंद पडलेले इंजिन इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढून, आतले पाणी बाहेर फेकल्याखेरीज फिरवू नये.

हा धोका स्नॉर्केल टाळते, आणि नीट बसवले असेल तर चांगला टाळते. मात्र तुमच्या थारसाठी कंपनीने पाण्यात उतरण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर दिली आहे, आणि हवेचे तोंड छतापर्यंत नेले म्हणून ती मर्यादा छतापर्यंत जात नाही. कारखान्यातूनच स्नॉर्केल लावून येणाऱ्या फोर्स गुरख्याचीही मर्यादा ७०० मिलिमीटर आहे, म्हणजे तुमच्यापेक्षा दोन इंच जास्त. यावरूनच ओळखावे की अडचण नाकापाशी संपत नाही. अल्टरनेटर, वायरिंगचे जोड, फ्यूजचा डबा, चाकांची बेअरिंग आणि दारांची रबरे स्नॉर्केलला ओळखत नाहीत.

सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा), गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डबा) यांचे ब्रीदर, म्हणजे आतली हवा आत-बाहेर होण्याची बारीक तोंडे. गाडी चालून डिफरन्शियल तापलेले असते. ते थंड नाल्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि ब्रीदर पाण्याखाली असेल तर तिथून किंवा ऑइल सीलच्या फटीतून पाणी आत ओढले जाते. त्या दिवशी काहीच कळत नाही. आठवड्याभराने नट काढून पाहिले की तेलाचे ताक झालेले असते. या ब्रीदरना तेल सहन करणारी रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली उंच बांधणे हे स्नॉर्केलच्या तुलनेत फारच स्वस्त काम आहे, आणि माझ्या मते ते आधी करावे. गॅरेजवाले ते सुचवत नाहीत कारण ते बाहेरून दिसत नाही.

आता तुमच्या मार्गाबद्दल. भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की मोठमोठी वाहने दोन्ही काठांवर थांबतात, आणि तिथे थांबणे हाच एकमेव उपाय असतो. वाहत्या पाण्यात प्रश्न इंजिनच्या श्वासाचा राहत नाही, गाडीच्या वजनाचा होतो. बंद दारांची गाडी थोडीफार तरंगू लागते, टायरची पकड कमी होते आणि बाजूने येणारा लोंढा तिला ढकलतो. दोन फूट वाहते पाणी बहुतेक गाड्या वाहून न्यायला पुरते. ज्या नाल्यातून माणूस काठी टेकत चालत जाऊ शकत नाही, त्यात गाडी घालू नये. पुलावरून पाणी वाहत असेल तर ते किती खोल आहे हे पाहायलाही उतरू नये, कारण खाली रस्ता शिल्लक आहे की नाही हेच माहीत नसते.

संथ पाण्यात उतरायचे झाल्यास फोर-लो (चारही चाकांना ताकद देणारी कमी वेगाची स्थिती), पहिला किंवा दुसरा गिअर आणि माणसाच्या चालीचा वेग ठेवावा, म्हणजे बंपरपुढे एक लाट तयार होते आणि तिच्यामागे बॉनेटखालचे पाणी थोडे उतरते. मध्येच क्लच दाबू नये. पलीकडे गेल्यावर ब्रेक हलके दाबत काही अंतर चालवून ते कोरडे करावेत.

एवढे सांगूनही मी तुम्हाला ‘लावूच नका’ म्हणणार नाही. पाऊस ओसरल्यानंतर त्या भागातल्या मुरमाच्या आणि कच्च्या रस्त्यांवर स्नॉर्केलचा खरा उपयोग धुळीसाठी होतो. चाकाच्या उंचीपेक्षा छताच्या उंचीची हवा स्वच्छ असते आणि फिल्टर जास्त दिवस टिकतो. ताफ्यात मागे चालताना धुरळा छताच्याही वर चढतो, तेव्हा पुढच्या गाडीपासून अंतर राखणेच बरे.

पत्रा कापण्याआधी कागदपत्रांचाही विचार करावा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अशा बदलांकडे अधिक काटेकोरपणे पाहिले जाते. म्हणून आरटीओ कार्यालयात आधी विचारून घ्यावे आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवून तिचे उत्तर जपून ठेवावे. पाणी शिरून झालेले इंजिनचे नुकसान साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत सहसा धरले जात नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कवच घ्यावे लागते. अंबाझरी लेआउटमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीला स्नॉर्केलपेक्षा त्या कवचाची गरज अधिक आहे, कारण उभ्या, बंद गाडीला स्नॉर्केल काहीच मदत करत नाही.

प्रश्न : गेल्या महिन्यात गाडीला स्नॉर्केल बसवून घेतले. जोराचा पाऊस झाला की एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाशी पाण्याचे थेंब दिसतात, आणि फेंडरला पाडलेल्या भोकाच्या कडेला तांबूस रेघ उमटली आहे. काम फसले आहे का? — एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : थेंबांची चिंता थोडी, रेघेची जास्त.

स्नॉर्केलच्या डोक्यात, म्हणजे हवा घेणाऱ्या वरच्या टोकात, पाऊस शिरतोच. पाणी बाहेर टाकण्यासाठी तिथे बारीक फटी असतात, त्या पालापाचोळ्याने किंवा रंगाने बुजल्या आहेत का ते पाहावे. तरीही काही थेंब डब्यापर्यंत येतात, म्हणून डब्याच्या तळाशी बदकाच्या चोचीसारखी रबरी झडप असते. ती पाणी बाहेर सोडते आणि बाहेरचे आत येऊ देत नाही. ती कडक झाली असेल किंवा गळून पडली असेल, तर डबा बुडताच इंजिन तिथूनच पाणी ओढेल आणि वरचे सगळे प्लास्टिक शोभेचे ठरेल. थेंबांऐवजी तळे साचत असेल किंवा फिल्टरचा कागद ओला होत असेल, तर गाडी चालवणे थांबवून दोष शोधावा.

रेघ मात्र गंजाची आहे. भोक पाडल्यावर कडा कानशीने घासून, झिंक प्रायमर आणि रंग देऊन मगच स्नॉर्केल बसवायचे असते. घाईत हे टाळले जाते, कारण कडा स्नॉर्केलखाली झाकली जाते. स्नॉर्केल उतरवा, खरवडा, रंग द्या. पुढच्या पावसापर्यंत थांबू नका.

उतरवलेच आहे तर आतले जोडही पाहा. माझ्या पहिल्या गाडीला एका गॅरेजने स्नॉर्केल बसवले होते आणि बाहेरून काम देखणे होते. मे महिन्यात मुरमाच्या रस्त्याने फिरून आल्यावर मी फेंडरच्या आतल्या जोडावर बोट फिरवले, तर बोटाला विटकरी पूड लागली. मूळ नळी आणि स्नॉर्केल यांच्या मध्ये क्लिपच नव्हती. काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली होती, आणि नागपुरी उन्हात तिचा गोंद वितळून ती सालीसारखी सुटली होती. हवा छतावरून येत होती असे मी चार महिने समजत होतो, प्रत्यक्षात ती चाकाजवळूनच येत होती. प्रत्येक जोडाला स्टीलची होज क्लिप हवी, आणि सीलंट लावायचे तर सेन्सरला अपाय न करणारे.

जोड बंद आहेत का हे तपासण्याची जुनी रीत अशी : गाडी न्यूट्रलमध्ये सुरू ठेवून, आयडलवरच, स्नॉर्केलचे डोके काढून नळीचे उघडे तोंड तळहाताने किंवा जाड रबराच्या तुकड्याने पूर्ण झाकावे. जोड पक्के असतील तर इंजिन गुदमरून काही क्षणांत बंद पडू लागते. ते आरामात चालत राहिले तर हवा कुठून तरी दुसरीकडून येते आहे. एखादी मऊ नळी आकसताना दिसली तर लगेच हात काढावा. ज्या गॅरेजमध्ये धूर सोडून गळती शोधण्याचे यंत्र असेल तिथे ते काम करून घेणे अधिक सुरक्षित.

प्रश्न : स्नॉर्केलचे तोंड पुढे ठेवल्यास हवा जोराने आत जाऊन ताकद आणि मायलेज वाढते असे ऐकले. तोंड पुढे ठेवावे की मागे? — एक वाचक, कामठी

उत्तर : ताशी १०० किलोमीटर वेगाला समोरून येणाऱ्या वाऱ्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या अर्धा टक्काही भरत नाही. त्यातून मायलेज वाढायचे नाही. उलट लांब, वळणदार नळीतून हवा ओढायला थोडा जास्त त्रासच पडतो. बॉनेटखालच्या गरम हवेऐवजी बाहेरची हवा मिळते हा फायदा खरा, पण जिची मूळ नळी आधीच फेंडरमधून बाहेरची हवा घेत होती, त्या गाडीला तोही फारसा नाही. पाणी गाळण्याच्या फटी असलेले डोके पुढे तोंड करूनच बसवावे, कारण त्याची रचना तशी केलेली असते. मेळघाटात अरुंद वाटेने जाताना बांबूच्या फांद्या तोंडात अडकत असतील, तर डोके मागे फिरवून घ्यावे आणि पुन्हा रस्त्याला लागल्यावर त्याची क्लिप घट्ट आहे ना ते पाहावे. ढिले झालेले डोके वाऱ्याने उडून जाते.