तिथी पुढे ढकलता येत नाही

दीड वर्ष एकांकिका लिहिते आहेस, पहिला प्रवेश अकरा वेळा बदललास. शेवटी धीर करून एका जाणत्या दिग्दर्शकांना वाचायला दिलीस. ते ‘संवाद पुस्तकी आहेत, शेवट बदल’ एवढंच म्हणाले आणि तेव्हापासून वही मिटलेली. आपल्यात कुवतच नाही का, असं विचारतेस.

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावी जत्रेला दरवर्षी मराठी नाटक होतं. माझ्या पहिल्या नाटकाचं वाचन देवळाच्या अग्रशाळेत झालं. दुसऱ्या अंकात आई मुलाला पत्र वाचून दाखवते, तिथे पडदा ओढणारे काका उठून पाणी प्यायला गेले. परत येऊन म्हणाले, “हा प्रवेश काढून टाक.” रात्रभर डोळ्याला डोळा नाही. चार दिवसांनी तोच प्रवेश मोठ्याने वाचला, तेव्हा कळलं: पत्रातला मजकूर प्रेक्षकाला आधीच ठाऊक होता. अडीच पानांच्या तीन ओळी केल्या, बाकी मुलाच्या गप्प बसण्यावर सोडलं. प्रयोगात त्याच जागी मंडप चिडीचूप झाला. काकांचा कंटाळा खरा होता, उपाय चुकला होता. वाचणारा कुठे अडला ते मान. काय कर म्हणतो, ते तपासून घे.

तुझा शेवट मी वाचलेला नाही, त्यावर बोलत नाही. ‘पुस्तकी’ मात्र मनावर घे. आपण घरी कोंकणी बोलतो, मराठी येते ती पुस्तकांतून, कीर्तनातून. म्हणून पात्र ‘मला अत्यंत दुःख झाले’ म्हणतं. तीच बाई तुझी मावशी असती तर? ‘जीव कसानुसा झाला गं,’ म्हणाली असती. हे कानाचं काम आहे, सरावाने जमतं. यात कुवतीचा प्रश्न येतोच कुठे?

तुझ्या पत्रात ‘लोक काय म्हणतील’ चारदा आलंय. पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये परिपूर्णतेच्या हट्टाचे तीन प्रकार सांगितले: स्वतःकडून अपेक्षा, इतरांकडून अपेक्षा, आणि इतरांना आपण निर्दोषच हवे आहोत ही समजूत. माणसाला जास्त पोखरतो तो तिसरा. तू त्यातच अडकली आहेस, असं मला वाटतं.

आम्हाला तिथीने वाचवलं. जत्रा पुढे ढकलता येत नाही. नाटक कच्चं असो, पक्कं असो, त्या रात्री पडदा उघडतोच. तुला तशी तारीख हवी. चवथीला, गणपतीत, घर भरलेलं असेल. आरती झाली की माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली, बस आणि फक्त पहिला प्रवेश वाच, बारावा बदल न करता. हातात पेन्सिल ठेव. कोण कुठे चुळबुळतं, तिथे नुसती खूण कर. खुणा केलेलं पान मला पाठव, आपण दोघं बसून पाहू.