वाचकांचे प्रश्न : मधली जोडरेषा

प्रश्न : रस्त्याच्या मध्यभागी एक अखंड आणि एक तुटक अशा दोन रेषा शेजारी असतील, तर पुढच्या वाहनाला ओलांडून जावे का?

उत्तर : आपल्या बाजूची रेषा कोणती, ते पाहावे. ती तुटक असेल, तर समोरचा रस्ता मोकळा असल्याची खात्री करून ओलांडता येते. अखंड असेल, तर समोर कोणीही दिसत नसले तरी ओलांडू नये, कारण अशी रेषा बहुधा वळणावर किंवा चढाच्या माथ्यापाशी आखलेली असते आणि तिथे समोरून येणारे वाहन वेळेत दिसत नाही. रिकामा भासणारा रस्ता तिथेच सर्वाधिक फसवतो. रात्री या रेषा चमकतात त्या रंगातील बारीक काचमण्यांमुळे. पावसाचे पाणी साचले की ती चमक मंदावते, तेव्हा वेग आवर्जून कमी ठेवावा.