नॉर्वेच्या किनाऱ्यासाठी ठेव मोडावी का?

विश्रामबाग, सांगली येथील एक वाचक जलसंपदा विभागातून निवृत्त झाले आहेत. त्यांचे वय 62, पत्नीचे 59. नॉर्वेच्या किनाऱ्याने बर्गन ते किर्केनेस आणि परत असा बारा दिवसांचा बोटीचा प्रवास दोघांनी करावा, अशी त्यांची इच्छा आहे. विमानभाड्यासह खर्च अकरा लाखांच्या घरात जातो. हा पैसा 2023 मध्ये ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 8.2 टक्के दराने ठेवलेल्या 30 लाखांतून काढावा, सहकारी बँकेतील 14 लाखांच्या ठेवीतून काढावा, की बेतच सोडून द्यावा, असा त्यांचा प्रश्न आहे. निवृत्तिवेतन दरमहा 46,000 रुपये असून अंशराशीकरण (निवृत्तिवेतनाचा काही भाग आधीच एकरकमी घेणे) केलेले नाही. घरखर्च 36,000 आहे, घर स्वतःचे आहे, म्युच्युअल फंडात 9 लाख आहेत आणि कर्ज नाही.

बेत सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घरखर्च निवृत्तिवेतनातच भागत असल्यामुळे हा प्रवास आपल्याला परवडतो का, याची मला फारशी चिंता वाटत नाही. चिंता आहे ती आपल्या पश्चात वहिनींच्या हाती काय उरेल याची. आपले निवृत्तिवेतन अखेरच्या वेतनाच्या निम्मे आहे, तर कुटुंब निवृत्तिवेतन सुरुवातीचा वाढीव दराचा काळ सरल्यावर 30 टक्क्यांवर येते. म्हणजे आजच्या हिशेबाने 46,000 चे सुमारे 27,600 होतील, आणि एका माणसाचा घरखर्च काही निम्म्यावर येत नाही. ही तूट भरून काढणारी रक्कम म्हणजे आपले ते 30 लाख होत. त्यांचे तिमाही व्याज 61,500 रुपये येते. शिवाय या योजनेतून थोडी रक्कम काढता येत नाही. मुदतीपूर्वी खाते पूर्ण बंद करावे लागते आणि दोन वर्षांनंतर बंद केले तरी मुद्दलाचा एक टक्का कापला जातो. त्यामुळे या खात्याला हात लावू नये. पत्नी संयुक्त खातेदार किंवा एकमेव नामनिर्देशित असल्यास आपल्यानंतर त्या ते खाते पुढे चालू ठेवू शकतात, एवढी नोंद मात्र तपासून घ्यावी.

बँकेतील ठेवीबद्दल मी वेगळे सांगेन. एकाच सहकारी बँकेत, एकाच नावावर 14 लाख असतील, तर ठेव विम्याचे संरक्षण त्यांपैकी केवळ 5 लाखांना आहे, आणि सहकारी बँक बुडाल्यावर काय होते हे पाहिलेल्या सांगलीकरांना यापेक्षा अधिक काही सांगण्याची गरज नाही. यातून 6 लाख प्रवासासाठी काढावेत आणि बचत योजनेचे एका वर्षाचे व्याज, म्हणजे 2 लाख 46 हजार, साठवून त्यात घालावे. उरलेले 8 लाख दोन बँकांत विभागून आजारपणासाठी राखावेत. फंडातील 9 लाख वहिनींच्या पंचाहत्तरीनंतरच्या काळासाठी आहेत, असे समजावे.

याचा अर्थ प्रवासाची मर्यादा साडेआठ लाख. अकरा लाखांचे साडेआठ करता येतात. ही बोटसेवा 1893 पासून चालू आहे, ती 34 बंदरांना लागते आणि आजही माल वाहते. काही बंदरांत ती जेमतेम पाव तास थांबते. तेव्हा येथे पैसा मोजायचा तो किनाऱ्यासाठी, खोलीच्या थाटासाठी नव्हे. आतील बाजूची, खिडकी नसलेली खोली घेतल्यास बरीच बचत होते, कारण दिवस डेकवरच जातो. जाताना रात्री लागणारी बंदरे परतताना दिवसा दिसतात, म्हणून पूर्ण फेरीचा आपला आग्रह समजण्यासारखा आहे. परंतु हिशेब बसत नसेल, तर बर्गनहून सात दिवसांत किर्केनेस गाठून विमानाने ऑस्लोला परतावे. मध्यरात्रीच्या सूर्याचे जून-जुलै हे दिवस सर्वांत महाग असतात. सप्टेंबरमध्ये गर्दी ओसरते आणि आकाश निरभ्र असल्यास उत्तरेकडील प्रकाश (नॉर्दर्न लाइट्स) दिसण्याची शक्यताही असते.

परदेशी सहलीचे पॅकेज घेताना सहल कंपनी आपल्याकडून कर गोळा करते. त्याचा दर अर्थसंकल्पात बदलतो, म्हणून बुकिंगच्या दिवशीचा दर विचारावा. आपले एकूण उत्पन्न नऊ-साडेनऊ लाखांच्या आसपास येते आणि नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या नियमित उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही, त्यामुळे विवरणपत्र भरल्यावर ही रक्कम परत मिळेल. मात्र तोवर ती अडकून राहते, आणि ती साडेआठ लाखांतच धरावी.

आपण पत्रात आरोग्य विम्याचा उल्लेख केलेला नाही. नॉर्वेसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा प्रवास विमा सक्तीचा आहे, पण तो परत आल्यावर उपयोगाचा नाही. घरचा आरोग्य विमा नसेल, तर तो तिकिटाआधी घ्यावा, कारण आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा कालावधी असू शकतो आणि तो आजपासून मोजायला लागलेला बरा. प्रवास विम्यात रक्तदाब, मधुमेह यांसारखे जुने आजार लपवू नयेत; उत्तरेतील लहान बंदरातून रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवण्याचा खर्च दावा नाकारला गेल्यास आपली उरलेली ठेव संपवू शकतो.

बुकिंग करताना प्रवास रद्द झाल्यास किती रक्कम कापली जाईल हे लेखी घ्यावे, आणि व्हिसा हाती येण्यापूर्वी पूर्ण पैसे भरू नयेत. हप्त्यांवर सहल देणाऱ्यांच्या योजनेकडे वळू नये.