पहाटे झोप येते, म्हणजे मी या कामाच्या लायकीचा नाही का?

माझ्याकडे समुपदेशनाला येणारी, रात्रपाळी करणारी माणसं झोपेचं दुखणं शेवटी सांगतात. आधी ॲसिडिटी, चिडचिड, घरातले खटके. मग खाली बघत हळूच: "मॅडम, पहाटे झोप आवरत नाही. मी या कामाच्या लायकीचा नाही का?" नर्स, मोटरमन, कारखान्यातले ऑपरेटर, सगळ्यांच्या तोंडी हाच प्रश्न असतो. गेल्या काही महिन्यांत तो इतक्यांदा ऐकला की एका तरुणाची गोष्ट लिहावी असं वाटलं. त्याची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो एअर ट्रॅफिक कंट्रोलर आहे, म्हणजे विमानांना उतरण्या-उडण्याच्या आणि मार्गाच्या सूचना देणारा. प्रयागराजला ट्रेनिंग झालं आणि मग एका मोठ्या विमानतळावर पोस्टिंग मिळालं. आखाती देशांची, युरोपची विमानं मध्यरात्रीनंतरच येतात-जातात, त्यामुळे तिथली रात्र शांत नसते. पाळीत थोडा वेळ माइकवर, मग रिलिव्हर, म्हणजे त्याची जागा घेणारा सहकारी, येतो आणि ब्रेक मिळतो. ब्रेकमध्ये सहकारी आडवे होतात. हा मात्र कॉफी घेऊन कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारायचा किंवा मोबाइल बघत बसायचा. सकाळी घरी आला की मुलीला शाळेत सोडायचं, बँकेचं काम, भाजी. अकराला झोप, दोनला दाराची बेल.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते. परिस्थिती त्रास देतेच, पण माणूस स्वतःकडून जी हट्टी मागणी करतो ती अधिक छळते, असं मला इतक्या वर्षांच्या कामातून ठामपणे वाटतं. त्यामुळे पहिल्या भेटींमध्ये मी झोपेच्या टिप्स दिल्या नाहीत. एकच गोष्ट विचारत राहिले: ब्रेकमध्ये आडवा का होत नाहीस?

"सवय लागेल."

"लागली तर काय होईल?"

बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "तुम्हाला युबरलिंगेन माहीत आहे का?"

मला माहीत होतं, तरी म्हटलं, तू सांग. 1 जुलै 2002 च्या रात्री, स्वित्झर्लंडच्या सीमेजवळ जर्मनीच्या आकाशात एक रशियन प्रवासी विमान आणि एक मालवाहू विमान एकमेकांवर आदळलं. 71 माणसं गेली, त्यांत बहुतेक शाळकरी मुलं. ते आकाश झुरिकचं कंट्रोल सेंटर सांभाळत होतं. तिथे त्या वेळी एकच कंट्रोलर दोन जागा बघत होता, कारण दुसरा विश्रांतीला गेला होता.

"एक माणूस झोपायला गेला, मॅडम."

हाताची मूठ आवळून तो हे बोलला. ब्रेकमध्ये तो कॉरिडॉरमध्ये का फिरतो हे मला तेव्हा कळलं. ट्रेनिंगमध्ये शिकवलेल्या त्या अपघातातून त्याने स्वतःपुरता एक नियम काढला होता: जो आडवा होतो, तो माणसं मारतो.

मी विचारलं, "चौकशी अहवालात दोष कुणाला दिला होता?"

हे त्याला पाठ होतं. रात्री वाहतूक कमी असताना एकाने काम करायचं आणि दुसऱ्याने विश्रांती घ्यायची, ही पद्धत तिथे वर्षानुवर्षं चालू होती आणि व्यवस्थापनाने ती चालू दिली होती. शिवाय त्या रात्री यंत्रणेच्या दुरुस्तीचं काम चालू असल्याने फोन आणि रडारच्या काही सोयी बंद होत्या.

"तू ब्रेकला उठतोस तेव्हा तुझी खुर्ची रिकामी असते?"

"छे! रिलिव्हर असतो ना."

"तो कसा बसतो, ते सांग."

त्याने सांगितलं. रिलिव्हर आधी शेजारी उभा राहून हेडसेट लावतो आणि थोडा वेळ नुसता ऐकतो. मग याने त्याला एकेक विमान, रनवे, हवामान, कुणाला काय सांगून ठेवलंय ते वाचून दाखवायचं. त्याने घेतलं म्हटल्यावरच उठायचं. उठल्यावरही काही मिनिटं मागे थांबायचं.

"आणि इतकं नीट सोपवून झाल्यावर तू काय करतोस?"

"जागा राहतो." आणि मग, अगदी हळू: "कशासाठी?"

त्या 'कशासाठी'ची मी कित्येक आठवडे वाट बघत होते. ते मी त्याला सुचवलं असतं तर टिकलं नसतं, अशी माझी पक्की खात्री आहे.

थकलेल्या माणसाला विश्रांती लागतेच, हा धडा या क्षेत्राने फार महागात शिकला आहे. मार्च 2011 मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टनच्या विमानतळावरच्या कंट्रोल टॉवरमध्ये रात्री एकट्याने ड्युटीवर असलेल्या सुपरवायझरला झोप लागली. दोन प्रवासी विमानं टॉवरच्या मदतीशिवाय उतरली. त्या माणसाची ती सलग चौथी रात्रपाळी होती. त्यानंतर अमेरिकेतल्या ज्या 27 टॉवर्समध्ये रात्री एकच माणूस असे, तिथे दुसरा नेमण्यात आला. दोन पाळ्यांमधलं अंतर आठ तासांवरून नऊ झालं, आणि 2024 मध्ये दहा तास, रात्रपाळीआधी बारा तास, असं ठरवण्यात आलं. ब्रिटनच्या नियमांत तर दोन तासांच्या कामानंतर अर्धा तास विश्रांती आणि सलग दोनच रात्रपाळ्या, हे लिहूनच ठेवलं आहे. आपल्याकडेही डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, कंट्रोलरच्या ड्युटीला मर्यादा घातल्या आहेत. पहाटे दोन ते सहा शरीर झोप मागतंच, हे गृहीत धरून हे सगळं बेतलेलं आहे. अमेरिकेच्या तेव्हाच्या वाहतूकमंत्र्यांनी मात्र ड्युटीवर डुलकीची मुभा द्यायला साफ नकार दिला होता. मला ते पटत नाही. नासाने वैमानिकांवर केलेल्या अभ्यासात 40 मिनिटांच्या विश्रांतीत सरासरी 26 मिनिटं झोप लागली आणि नंतरची सतर्कता वाढलेली दिसली.

म्हणून तुमच्या कामाच्या ठिकाणी विश्रांतीची अधिकृत वेळ असेल आणि जागेवर माणूस असेल, तर ती वेळ झोपेसाठी वापरा. जाग आल्यावर डोळ्यांवरची धुंदी जायला दहा-पंधरा मिनिटं हाताशी ठेवा. जागेवर दुसरं कुणीच नसेल, तर हा तुमच्या निग्रहाचा प्रश्न राहत नाही. तो वरिष्ठांकडे लेखी न्यायलाच हवा.

घरासाठी मी त्याच्या बायकोलाही बोलावलं. ती म्हणाली, "हा सकाळी घरी असतो, म्हणून मला वाटायचं मोकळा आहे." दोघांनी फ्रिजवर रोस्टर लावलं. रात्रपाळीनंतरच्या सकाळी शाळा तिच्याकडे किंवा सासूबाईंकडे, बेल बंद, खोलीला जाड पडदे. बँक आणि भाजी सुट्टीच्या दिवशी. रात्रीला जाण्याआधी दुपारी दीड तास झोप, पाहुणे आले तरी.

इतकं करूनही दिवसभर गुंगी राहत असेल, किंवा तुम्ही घोरताना श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, तर डॉक्टरांना दाखवा. मेडिकलमध्ये अनफिट ठरू या भीतीने कंट्रोलर हे लपवतात, तोही लपवत होता. झोपेची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका. विमानसेवेत असाल तर तुमची मेडिकल घेणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच.