श्रेष्ठ पेड्रो मार्टिनेझ, पण आवडता लुईस टियांटच

आयुष्यभर बेसबॉल पाहिलेल्यांनी आपला सर्वांत आवडता खेळाडू आणि मनात राहिलेले सामने सांगावेत, तसेच तो खेळाडू सर्वश्रेष्ठही होता का हे सांगावे, असा आपला प्रश्न आहे. मी शाळकरी वयात आईवडिलांबरोबर मुंबईहून बॉस्टनला आलो आणि तेव्हापासून तिथल्या रेड सॉक्स या बेसबॉल संघाचा पाठीराखा आहे. मी पाहिलेला सर्वश्रेष्ठ पिचर, म्हणजे बेसबॉलमधला गोलंदाज, निःसंशय पेड्रो मार्टिनेझ. २००० साली, सर्वत्र होम रनचा (मैदानाबाहेर मारलेल्या फटक्यांचा) पाऊस पडत असताना, त्याची दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी अवघी १.७४ होती. आवडता खेळाडू मात्र लुईस टियांट.

टियांट क्यूबाचा. चेंडू टाकण्यापूर्वी तो बॅटरकडे चक्क पाठ फिरवी, मान हलवीत आकाशाकडे पाही आणि मग कधी डोक्यावरून, कधी खांद्याच्या बाजूने, कधी कमरेच्या उंचीवरून चेंडू सोडी. रेड सॉक्सच्या फेनवे पार्क या मैदानात आम्ही सेंटर फील्डमागच्या, म्हणजे बॅटरच्या अगदी समोरच्या टोकाच्या, स्वस्त बाकांवर बसत असू. त्यामुळे बॅटरला त्याची पाठ दिसे तेव्हा त्याचा चेहरा आणि मिशा आमच्याकडे वळलेल्या असत. माझ्या वडिलांनी तरुणपणी ब्रेबॉर्न स्टेडियमवर सुभाष गुप्ते यांची गोलंदाजी पाहिली होती. बेसबॉलचा चेंडू टप्पा न पडता येतो, म्हणून या खेळात गोलंदाजीची कला नाही, असे ते सुरुवातीला ठामपणे सांगत. टियांटला पाहिल्यावर त्यांनी ते मत मुकाट्याने सोडून दिले.

तो रेड सॉक्सकडे १९७१ साली आला, तेव्हा त्याची कारकीर्द संपल्यातच जमा होती. १९६८ साली क्लीव्हलंडकडून २१ सामने जिंकणाऱ्या या पिचरच्या खांद्याचे हाड पुढे मिनेसोटात मोडले आणि त्या संघाने त्याला सोडून दिले. बॉस्टनमधल्या पहिल्या वर्षी त्याने एक सामना जिंकला आणि सात गमावले. १९७२ साली मात्र त्याची सरासरी १.९१ होती, म्हणजे दोन मोठ्या लीगपैकी आमच्या, अमेरिकन लीगमध्ये सर्वोत्तम.

परंतु माझ्या घरात त्याला जे स्थान मिळाले, ते आकड्यांमुळे नाही. १९६१ नंतर तो क्यूबाला परत जाऊ शकला नव्हता. त्याचे वडील एकेकाळी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमधले नावाजलेले पिचर होते; पण मुलाला मोठ्या लीगमध्ये खेळताना त्यांनी कधी पाहिले नव्हते. सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी १९७५ साली हवानात फिडेल कास्त्रो यांच्याकडे रदबदली केली आणि त्या ऑगस्टमध्ये टियांटचे आईवडील बॉस्टनला पोहोचले. फेनवेवर वडिलांनी मानाचा पहिला चेंडू टाकला, तो नीट पडला नाही असे वाटून पुन्हा चेंडू मागून घेतला आणि दुसरा टाकला. तोपर्यंत मुलगा त्यांचा कोट हातात धरून उभा होता. आमच्या आजीची भेट विमानाच्या तिकिटाच्या पैशांवर अडलेली होती, टियांट कुटुंबाची दोन सरकारांच्या वैरावर. माझ्या आईने बेसबॉलचा एकही नियम कधी शिकून घेतला नाही. तरी त्यानंतर टियांट खेळत असला की तीही टीव्हीसमोर येऊन बसे.

त्याच वर्षीची सिनसिनाटी रेड्सविरुद्धची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची अंतिम मालिका, मला आजही इनिंगवार सांगता येईल. पहिल्या सामन्यात टियांटने समोरच्या संघाला एकही धाव दिली नाही. शिवाय बॅटिंगची सवय न राहिलेल्या या गृहस्थांनी स्वतः एक फटका मारला आणि धाव पूर्ण करताना होम प्लेट (धाव जिथे पुरी होते ती पाटी) चुकल्याने मागे फिरून तिला पाय लावला. चौथ्या सामन्यात दमलेला असूनही त्याने १६३ चेंडू टाकले आणि ५-४ असा विजय मिळवून दिला. आजचा कोणताही प्रशिक्षक शंभराच्या आसपासच पिचरला बाहेर बोलावतो, आणि त्यात शहाणपण आहे हे मान्य करूनही मला त्या रात्रीचा हट्टच अधिक भावतो. पावसाने तीन दिवस लांबलेल्या सहाव्या सामन्यात त्याला आठव्या इनिंगमध्ये बाहेर जावे लागले, तेव्हा आम्ही ६-३ असे मागे होतो. बर्नी कार्बोच्या होम रनने बरोबरी झाली, आणि बाराव्या इनिंगमध्ये आमच्या कार्लटन फिस्कने मारलेला चेंडू डावीकडच्या सीमेवरच्या खांबावर आदळून होम रन ठरला आणि सामना जिंकला गेला. सातवा सामना आम्ही ४-३ असा हरलो.

२००४ साली रेड सॉक्सने ८६ वर्षांनंतर अजिंक्यपद मिळवले, त्या आठवणी इतरांनी भरपूर लिहिल्या आहेत. मला भर घालण्यासारखे काही नाही.

टियांट ऑक्टोबर २०२४ मध्ये वारला. हयातीत त्याची हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, निवड झाली नाही, हे मला आजही पटत नाही. त्याच्याच काळातला पिचर कॅटफिश हंटर २२४ विजय आणि ३.२६ सरासरी यांच्या बळावर १९८७ साली तेथे पोहोचला. टियांटचे विजय २२९ आणि सरासरी ३.३० आहे. हंटरच्या संघांनी पाच वेळा वर्ल्ड सिरीज जिंकली, टियांटच्या संघाने एकदाही नाही, आणि १९७५ च्या पराभवाचा दोष तरी त्याच्या गोलंदाजीला देता येत नाही.