ऑक्टोबरात आरव्ही (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन अमेरिकेत व्हर्जिनियातल्या शेनँडोआ नॅशनल पार्कला जातोय, कुत्र्याला बरोबर न्यावं की बोर्डिंगला ठेवावं?

न्या. आणि बरोबर येणाऱ्या मंडळींना विचारत बसू नका, त्यात एक तरी आमच्या भावजींसारखा निघतोच.

भावजी म्हणजे ताईचे यजमान. गेल्या ऑक्टोबरात दोन्ही घरांनी मिळून आरव्ही भाड्याने घेतली, तेव्हा ते आधीच म्हणाले, “बंड्या कशाला? रात्रभर भुंकेल.” बंड्या म्हणजे आमचा कुत्रा. आता ऐका. आरव्हीत कुत्रा बिचकतो तो वळणावर होणाऱ्या भांड्यांच्या खडखडाटाला. मी ताटल्यांमध्ये टॉवेल कोंबले, बंड्याचा हार्नेस सीटच्या पट्ट्याला अडकवला आणि स्वारी घोरायला लागली. घाम फुटला तो भावजींना. थॉर्नटन गॅपच्या प्रवेशद्वारातून स्कायलाइन ड्राइव्हवर, म्हणजे पार्कमधल्या डोंगरमाथ्याच्या रस्त्यावर, चढून दक्षिणेला वळलं की लगेच मेरीज रॉकचा बोगदा लागतो, उंची १२ फूट ८ इंच. आमची गाडी छतावरच्या एसीसकट त्यात बसत होती, कागदावर लिहिलेलं होतं, तरी यांनी ब्रेक दाबून ताईला खाली उतरून बघायला लावलं. मागे गाड्यांची ही रांग! बंड्या तेव्हाही भुंकला नाही.

खरं वाजलं ते दुपारी. मुक्काम बिग मेडोजच्या कॅम्पग्राउंडला, त्याच रस्त्याच्या ५१ व्या मैलाशी. भावजींना डार्क हॉलो फॉल्स हा धबधबा बघायचा होता आणि त्याच्या ट्रेलवर, म्हणजे पायवाटेवर, कुत्र्यांना बंदी आहे. (स्टोनी मॅन, बेअरफेन्स, ओल्ड रॅगच्या कड्यावरही. बाकी बहुतेक ट्रेल खुले आहेत, पट्टा मात्र सहा फुटांहून लांब चालत नाही.) भावजी म्हणाले, “एसी लावून गाडीत ठेव, तासाभराचा तर प्रश्न.” एसी लावणार कशावर? तिथल्या कॅम्पग्राउंडला हुकअप, म्हणजे गाडीला वीज-पाणी जोडायची सोय, नाहीत, जनरेटर सकाळ-संध्याकाळ ठराविक तासच चालवता येतो. शिवाय कुत्र्याला एकटं सोडायला पार्कची मनाईच आहे, आणि बंद गाडी ऑक्टोबरच्या उन्हातही तापते. मग दुसरा तोडगा: “ने तसाच. कोण बघतंय?” असं म्हणणाऱ्या माणसाशी मी वाद घालत नाही. त्यांना तिकडे जाऊ दिलं आणि बंड्याला घेऊन लुईस फॉल्सची वाट धरली.

ही वाट कॅम्पग्राउंडपासूनच निघते, फेरी तीनेक मैलांची. उतार दगडांचा, त्यावर हिकरीच्या पिवळ्या पानांचा थर, त्यामुळे कुठला दगड हलतो ते पाय टेकल्यावरच कळतं. बंड्या आधी पंजाने चाचपायचा, मग अंग पुढे टाकायचा. मी त्याच्या मागोमाग. ऑक्टोबरात धबधब्याला पाणी बेताचंच असतं, पण तासभर आम्हाला माणूस भेटलं नाही. वर आल्यावर कुरणात गेलो. ब्लूबेरीची झुडपं लालभडक झालेली, त्यात एक हरिणी चरत होती. बंड्या एक पाय उचलून जो थिजला तो ती निघून जाईपर्यंत. भुंकणं सोडा, शेपटीही हलली नाही.

संध्याकाळी त्याला चाचपताना कानामागे तिळाएवढी गोचीड सापडली. थंडी पडली की गोचिडी संपल्या असं समजू नका, ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्या जोरात असतात. औषध चुकवू नका आणि चिमटा जवळ ठेवा. सकाळी गाडीत कांदेपोहे केलेत तर कितीही लाडात आला तरी एक घास देऊ नका, कांदा कुत्र्यांना बाधतो. रात्री गारठा असतो. हीटर गॅसवर चालत असला तरी त्याचा पंखा बॅटरीवर असतो, तेव्हा दिवे जपून वापरा.

हे सगळं शेनँडोआपुरतं, हे सांगायचं राहिलं. ग्रेट स्मोकी या दुसऱ्या नॅशनल पार्कला निघालात तर तिथे कुत्र्यांना दोनच ट्रेल खुले आहेत, मग विचार करा. कुत्रा म्हातारा असेल किंवा गाडीत ओकत असेल तर बोर्डिंग बरं, तेवढं मान्य.

भावजी अजून प्रत्येक गेट-टुगेदरला सांगतात, “कुत्र्यापायी हिचा धबधबा हुकला.” डार्क हॉलो ७० फूट, लुईस ८१ फूट. पार्कच्याच माहितीत आहे, बघून घ्या म्हणावं.