पुडी भाजीत घालू का? व्यसन करणाऱ्याच्या घरच्यांचे प्रश्न

यावेळी आलेल्या पत्रांमध्ये स्वतः पिणाऱ्याचं एकही पत्र नाही, सगळी बायकोची, बापाची, मुलीची, मित्राची आहेत. केंद्र सरकारसाठी एम्सने जो सर्व्हे केला आणि २०१९ मध्ये जाहीर केला त्यात दारूमुळे ज्यांना मदतीची गरज आहे अशी माणसं जवळपास ५ कोटी ७० लाख निघाली. त्यातल्या प्रत्येकामागे एक घर आहे आणि त्या घराला कोणी विचारतच नाही, म्हणून हा अंक त्यांचा.

प्रश्न : मॅडम, मिस्टर कारखान्यात आहेत. खूप वर्षं पितात, आता तर सकाळी उठल्या उठल्या लागते नाहीतर हात थरथरतात. पंढरीची माळ घालून झाली, पोरांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ झाली, सासूबाईंनी अंगारा आणला. आता जाहिरात बघून मी दारू सोडवायची पावडर मागवली, त्यांच्या नकळत जेवणात घाला म्हणाले. पुडी तांदळाच्या डब्यात लपवलीय पण हात होत नाही. घालू का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : नका घालू ताई. तुमचा हात होत नाहीये ते अगदी बरोबर आहे.

दारू नको करणारं एक खरं औषध आहे, डायसल्फिराम. दारूचं शरीरात आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य बनतं आणि मग शरीर त्याचा निचरा करतं, तर ही गोळी तो निचराच अडवते. मग वर दारू प्यायली की तोंड लालबुंद होतं, छातीत धडधडतं, उलट्या, बीपी एकदम खाली, आणि हृदय किंवा लिव्हर आधीच कमजोर असेल तर माणूस जाऊही शकतो. म्हणून डॉक्टर ती पेशंटला सगळं सांगून, त्याची तयारी असेल तरच, तपासण्या करून आणि शेवटचा घोट घेऊन किमान १२ तास झाल्यावरच देतात, आणि गोळी बंद केल्यावरही साधारण दोन आठवडे दारू चालत नाही. तुमच्या त्या पुडीत हेच आहे की अजून काही, हे पाकिटावर लिहिलंय का बघा, बहुतेक नसेलच. ज्याला आपल्या पोटात काय गेलंय हेच माहीत नाही तो संध्याकाळी नेहमीसारखी क्वार्टर मारणार. आणि जीवावर नाही बेतलं तरी ज्या दिवशी त्यांना कळेल त्या दिवसापासून ते तुमच्या हातचं जेवणार नाहीत, त्यानंतर तुम्ही सांगितलेलं काहीच ऐकणार नाहीत.

दुसरी गोष्ट पुडीपेक्षाही महत्त्वाची आहे. सकाळी हात थरथरतात म्हणजे शरीराला दारूची सवय लागलीय. अशा माणसाला खोलीत कोंडून, बाटल्या फोडून दारू एकदम बंद करायची नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, कोण आपलं कोण परकं ते कळत नाही, आणि ही अवस्था जीवघेणी ठरू शकते. म्हणजे सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, काही दिवस गोळ्या आणि बी-वन व्हिटॅमिन देऊन. असे भास किंवा फिट दिसली तर कुणाला विचारत बसू नका, सरळ सरकारी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या.

आता तुमच्याबद्दल. पत्राच्या शेवटी तुम्ही बारीक अक्षरात लिहिलंय की सुपरवायझरला फोन करून तुम्हीच सांगता, ह्यांना ताप आलाय. पगार कापला तर घर कसं चालणार म्हणून करता हे मला समजतं, कुणीही करेल, पण त्यामुळे दारूची जी झळ त्यांना लागायला हवी ती सगळी तुम्हाला लागते आणि त्यांची सकाळ आरामात जाते. सगळं एका दिवसात बंद करू नका. सुरुवातीला फक्त हा एक फोन करणं थांबवा. मिस्टरांना शांतपणे सांगा, ‘इथून पुढे सुट्टीचा फोन तुम्हीच करायचा.’ संध्याकाळी पिऊन आल्यावर सांगू नका, तेव्हाचं बोलणं म्हणजे नुसतं भांडण, सकाळी डोकं ताळ्यावर असताना दोन वाक्यांत सांगा आणि विषय सोडा. दुसरं म्हणजे त्यांच्यासाठी बचत गटाचं कर्ज पुन्हा काढायचं नाही. आणि ज्या दिवशी ते न पिता घरी येतील त्या दिवशी मागची उणीदुणी काढू नका, सोबत जेवा, पोरांचं काय चाललंय ते बोला. हे गोडगोड वागणं म्हणून सांगत नाहीये. अमेरिकेत रॉबर्ट मेयर्स यांनी घरच्यांना शिकवायची एक पद्धत बसवली, क्राफ्ट नावाची, तिच्यात हेच आहे, न पिता असताना जवळ जायचं, पिताना बाजूला व्हायचं, आणि निस्तरत बसायचं नाही. १९९९ साली छापून आलेल्या १३० घरांच्या अभ्यासात, या पद्धतीने वागलेल्या घरांतले शंभरातले ६४ व्यसनी उपचाराला यायला तयार झाले, आणि ही सगळी आधी ठाम नाही म्हणणारी माणसं होती.

तुमच्याच साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली परिवर्तन संस्था व्यसनमुक्तीचं काम करते. पुण्यात मुक्तांगण आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं, तिथे पेशंटच्या बायकांसाठी सहचरी नावाचा गट चालतो. मिस्टर येवोत न येवोत, तुम्ही जा. एवढंही जमत नसेल तर १४४४६ ला फोन करा, नशामुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत, घरच्यांनीही करायचा असतो.

आणि ताई, मारहाणीचं तुम्ही काही लिहिलं नाहीये, पण होत असेल तर वरचं सगळं नंतर. आधी पोरांना घेऊन सुरक्षित जागी जायचं आणि १८१ (महिलांची हेल्पलाइन) किंवा ११२ (पोलीस) ला फोन करायचा. दारूच्या नशेत मारलं म्हणून कायद्यात माफी नाही, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात बायकोचे पैसे, दागिने काढून घेणं हीसुद्धा हिंसाच धरलीय. पुडी आजच फेकून द्या, पोरांच्या हाताला लागायला नको.

प्रश्न : मी अकरावीला आहे. पप्पा रोज पितात. मी मैत्रिणींना कधीच घरी बोलवत नाही. मम्मी म्हणते तू नीट अभ्यास केला असतास, उलट बोलली नसतीस तर पप्पांना एवढं टेन्शन आलं नसतं. खरंच माझ्यामुळे आहे का?
– नाव नको, जळगाव

उत्तर : नाही बाळा. तुझ्यामुळे नाही. ९५ टक्के पडले असते तरी पप्पा प्यायले असते, आनंदात प्यायले असते. मम्मी हे बोलते कारण ती पण थकलीय आणि पप्पांना बोलायची तिला भीती वाटते, तरी ते तुला बोलणं चूकच आहे आणि तुला ते लागलं ते बरोबर आहे.

जगभर अशी एवढी मुलं आहेत की त्यांच्यासाठी १९५७ पासून अ‍ॅलटीन नावाचे वेगळे गट चालतात. मोठ्यांचा गट अ‍ॅल-अ‍ॅनॉन, तो १९५१ चा, दारू सोडणाऱ्यांच्या ए.ए. (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस) या गटातल्या लोकांच्या बायकांनीच सुरू केला. तिथे आलेल्या प्रत्येकाला पहिल्यांदा तीन गोष्टी कळतात, हे व्यसन मी लावलं नाही, मी ते ताब्यात ठेवू शकत नाही, मी ते बरं करू शकत नाही. तू वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव.

तुला करायचं एवढंच. एक मोठं माणूस शोध ज्याला हे सगळं सांगता येईल, मावशी, क्लासच्या मॅडम, शेजारच्या काकू, कुणीही, आणि घरात आवाज चढले की कुणाकडे जाऊन बसायचं ते आत्ताच ठरवून ठेव. पप्पा पिऊन गाडी चालवत असतील तर मागे बसू नकोस, पोट दुखतंय सांग, काहीही सांग. बाटल्या लपवणं, पाणी घालून ठेवणं हे तुझं काम नाही. खूप एकटं वाटलं, झोप लागेना, मरून जावं असं मनात आलं तर १४४१६ ला फोन कर, टेली मानस नावाची मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, रात्री पण चालू असते, मराठीत बोलता येतं. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८ आहे. आणि एखादी मैत्रीण जवळची असेल तर तिला सांगून बघ, मला वाटतं तू समजतेस त्यापेक्षा ती समजूतदार निघेल.

प्रश्न : मुलगा २६ वर्षांचा, एमडीच्या (मेफेड्रोन नावाचं ड्रग) नादी लागला. लोन अ‍ॅपचं कर्ज मी तीनदा फेडलं. एक केंद्रवाले म्हणतात गाडी पाठवतो, चार माणसं उचलून आणतील, सहा महिने भेटायचं नाही. रिटायरमेंटचे पैसे त्यात घालू का?
– एक वडील, ठाणे

उत्तर : काका, या अटीवर नको. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचे आजारही येतात, म्हणजे अशा केंद्राची नोंदणी राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे असायला हवी, ते प्रमाणपत्र आधी बघायला मागा. पेशंटच्या इच्छेविरुद्ध दाखल करायची सोय कायद्यात आहे पण त्याला एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा एक डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य तज्ज्ञ यांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं आणि सुरुवातीला ती मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची आहे. चार माणसं आणि गाडी हा काही त्यातला रस्ता नाही. स्वतः केंद्रात जा, स्वयंपाकघर बघा, संडास बघा, रात्री डॉक्टर कोण असतो विचारा, बरे होऊन गेलेल्या कुणाच्या घरच्यांशी बोलू द्या म्हणा. जिथे आत जाऊ देत नाहीत तिथे मुलगा ठेवायचा नाही.

कर्जाचं विचाराल तर चौथ्यांदा फेडू नका. कठोर वाटेल, आईचा जीव तुटेल, पण प्रत्येक वेळी खातं कोरं झालं की त्याला पुन्हा कर्ज काढायला जागा होते. उपचाराचा खर्च करा, तो थेट हॉस्पिटलला भरा, त्याच्या हातात रोख नको. वसुलीवाले धमक्या देत असतील, फोटो पाठवत असतील तर १९३० ला सायबर तक्रार करा. आणि पेन्शनचं खातं, एटीएमचा पिन, काकूंचे दागिने, हे आजच्या आज वेगळं करा.

प्रश्न : जवळच्या मित्राने दारू सोडून आठ महिने झाले. पुढच्या महिन्यात माझं लग्न, आदल्या रात्री मित्रांची पार्टी आहेच. त्याला बोलवू की नको? नाही बोलावलं तर त्याला वाईट वाटेल.
– पिंपरी

उत्तर : आधी तुझं मनापासून कौतुक, कारण बहुतेक मित्र हा विचारच करत नाहीत. तू ठरवू नकोस, त्यालाच विचार, सरळ, फोनवर नको, समोर बसून. पार्टीला नको म्हणाला तर दुसऱ्या दिवशी हळदीपासून तो तुझ्या शेजारी असू दे, वरातीत काहीतरी जबाबदारी दे. येतो म्हणाला तर ग्रुपमधल्या त्या दोघा-तिघांना आधीच दम देऊन ठेव जे एकाने काय होतंय म्हणत ग्लास पुढे करतात, तुमच्याकडेही असतीलच. आणि त्याला कुणाच्या गाडीत बसवून आणू नकोस, स्वतःची बाईक घेऊन येऊ दे, म्हणजे त्याला नको वाटलं की कुणालाही न सांगता निघता येईल, आणि निघाला तर मागून फोन करून कुठे गेलास विचारू नकोस.